फळ्यावरची नोटीस



गेल्या महिनाभरात तुमच्यापैकी किती जणांनी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या फळ्यासमोर उभे राहून एखादा कागद शेवटपर्यंत वाचला? हात वर करायला सांगितले तर फार हात वर येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. दाखला आणायला आपण तिथे जातो, घरपट्टी भरायला जातो, नळाला पाणी नाही म्हणून भांडायलाही जातो. फळा दाराशीच असतो. त्यावर टाचणीने लावलेले, उन्हाने पिवळे पडलेले कागद असतात. ‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की’ एवढी पहिली ओळ वाचली की आपण पुढे सरकतो. तमाम नागरिक म्हणजे दुसरे कोणीतरी, असे आपल्याला वाटते.

आज या फळ्याविषयीच बोलायचे आहे. कारण अशाच एका कागदापायी माझ्या मामांची सव्वा एकर जमीन आज कित्येक वर्षे अडकून पडली आहे.

मामांची सव्वा एकर

मामांचे गाव आपल्याच जिल्ह्यातले. नाव सांगत नाही, कारण कोणाला दोष देण्यासाठी ही गोष्ट लिहीत नाही. गाव वाढत गेले, नगरपरिषद झाली आणि मामांचे शेत हद्दीत आले. रस्त्याच्या कडेला सव्वा एकर, तीत जुनी बांधीव विहीर आणि विहिरीपाशी दोन खोल्या.

२०१२ सालच्या हिवाळ्यात शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. नोटीस राजपत्रात आली, वर्तमानपत्रात आली, फळ्यावर लागली. कायद्याने जे करायचे ते सारे झाले. तेव्हा मामांचा ऊस तोडीला आला होता. टोळी मिळाली तर बैलगाडी नाही, बैलगाडी आली तर टोळी दुसऱ्याच्या फडात, अशी ओढाताण चाललेली. शेजारच्या रानातल्या बाई, पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, त्या एके दिवशी बांधावर येऊन म्हणाल्या, “दादा, नकाशा लागलाय. तुमच्या विहिरीवर बागेचं आरक्षण आहे आणि माझ्या रानातून रस्ता जातोय. हरकत द्यायला अजून आठ दिवस आहेत.”

मामा म्हणाले, “बाई, ऊस तोडायचा का कागद वाचायचे? आपल्या बापजाद्याची जमीन, ती काय नकाशावर रेघ मारून जाती का?”

बाईंनी एका पानावर हरकत लिहिली. रस्ता रानाच्या मधून न नेता बांधाच्या कडेने नेला तर लांबी तेवढीच राहते आणि दोघांचेही रान तुटत नाही, एवढेच त्यात होते. सोबत सातबारा आणि हाताने काढलेला नकाशा जोडला. पुढे सुनावणीला त्या गेल्या, बोलल्या पाच-सात मिनिटे. अंतिम आराखड्यात रस्ता बांधाच्या कडेने आला. मामांच्या विहिरीवरची बाग मात्र जागची हलली नाही. कोणी काही म्हणालेच नव्हते, तर ती हलवणार कोण?

२०१४ साली आराखडा लागू झाला. तेव्हापासून मामांना त्या जागी नवी खोली बांधायला परवानगी मिळत नाही आणि विकायची म्हटले तर गिऱ्हाईक आरक्षणाचे नाव ऐकून परत जाते. बाग तर झालीच नाही. मामी म्हणतात, “बाग झाली असती तर निदान नातवंडं खेळली असती.” बैल गेला अन् झोपा केला ही म्हण मामा आता स्वतःच स्वतःला ऐकवतात.

तुमचा कारभार कोणाकडे?

आता आपल्या देवळाली प्रवराकडे येऊ. राहुरी तालुक्यातले हे गाव. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती सुमारे तीस हजार. नाव नगरपरिषदेचे, पण भोवताली ऊस, कांदा, घास आणि वाड्यावस्त्या. इथल्या कित्येक घरांत सकाळी गोठ्यातले शेण काढले जाते आणि दुपारी नगरपरिषदेची घरपट्टी भरली जाते. नाशिकजवळच्या छावणीच्या देवळालीशी गल्लत होऊ नये म्हणून आपण ‘प्रवरा’ जोडतो. तशीच गल्लत कारभाराच्या बाबतीतही होते, ती आधी दूर करू.

समजा दोन भाऊ आहेत. एकाचे रान देवळालीच्या नगरपरिषद हद्दीत, दुसऱ्याचे शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत. मधे फक्त एक ओढा. ऊस एकाच कारखान्याला जातो, सोयरीक एकाच गावात होते. पण कारभाराच्या दृष्टीने हे दोघे दोन वेगळ्या घरांत राहतात.

ग्रामपंचायतीतल्या भावाला ग्रामसभा आहे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि तिथे उभे राहून सरपंचाला प्रश्न विचारता येतो. त्याआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, असेही कायद्यात आहे. या भावाला पंचायत समितीला मत आहे आणि जिल्हा परिषदेलाही आहे.

नगरपरिषदेतल्या भावाला यातले काही नाही. त्याला ग्रामसभा नाही. जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला त्याचे मत नाही. त्याचा कारभार नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी पाहतात. नगरपरिषदेची सभा ऐकायला तो जाऊन बसू शकतो, पण सभेत बोलण्याचा हक्क सभासदांचा असतो.

मग या भावाने आपले म्हणणे कुठे मांडायचे? त्यासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. त्याचे नाव हरकती आणि सूचना. ग्रामसभेत तोंडाने बोलून जे काम होते, ते नगरपरिषदेच्या हद्दीत लेखी हरकत देऊन करावे लागते. म्हणून हद्दीतल्या शेतकऱ्याने फळा वाचणे जास्त गरजेचे आहे. नेमका तोच तो वाचत नाही.

ठराव होतो कधी?

पूर्वी जिल्ह्याचा कारभार ‘लोकल बोर्ड’ पाहत असे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यात त्याचा कायदा झाला. जुनी माणसे ‘बोर्डाची शाळा’ म्हणत, ती त्या बोर्डाची. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा, तर नगररचनेचा १९६६ चा. १९९२ साली घटनेत ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती झाली आणि १९९३ पासून या संस्थांना घटनेचा आधार मिळाला. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

एवढा मोठा इतिहास, पण सभेत जाऊन बसलात तर निराश व्हाल. विषयपत्रिकेवर पंचवीस-तीस विषय असतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, गटारीच्या कामाची निविदा, दिवाबत्तीचे बिल, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती. एकेक विषय वाचला जातो, कोणी मान हलवतो आणि ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होते. ज्या विषयावर गावात चार महिने भांडण होणार असते, तोही असाच दोन मिनिटांत जातो.

यात दरवेळी काही काळेबेरे असते असे समजू नका. विषय सभेपुढे येतो तेव्हा त्याचे बहुतेक काम आधीच झालेले असते. मोजणी झालेली असते, नकाशा काढलेला असतो, हरकतींची मुदत संपलेली असते. भाकरी तव्यावरून उतरल्यावर मीठ घालता येत नाही. पीठ मळताना घालायचे असते, आणि ती वेळ म्हणजे फळ्यावरच्या नोटिशीची मुदत.

मधली काही वर्षे आठवा. २०२१-२२ पासून राज्यातल्या बहुतेक स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नगरपरिषदांच्या निवडणुका व्हायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. त्या काळात विचारायला नगरसेवक नव्हता. तरी नोटीस काढून हरकती मागवण्याची कायद्यातली अट रद्द झाली नव्हती. निवडून दिलेला माणूस जागेवर असो वा नसो, हरकत देण्याचा हक्क तुमचा तुमच्याकडेच राहतो.

कोणत्या नोटिशीवर नजर ठेवावी?

साऱ्या नोटिसा वाचायला सवड नसेल तर निदान तीन ओळखून ठेवा.

पहिली, विकास आराखड्याची. ही सर्वांत महत्त्वाची. शहर पुढे कसे वाढेल, कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे बाजार, हे या आराखड्यात ठरते. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. तुमचे रान कोणत्या विभागात दाखवले आहे, शेतीच्या की रहिवासाच्या? आणि त्यावर कसले आरक्षण किंवा रस्त्याची रेघ आहे का? प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. हे दिवस राजपत्रातल्या नोटिशीच्या तारखेपासून मोजले जातात. तुम्ही फळा वाचाल त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे तुमच्या कानावर बातमी येईपर्यंत दहा-बारा दिवस सहज गेलेले असतात.

दुसरी, घरपट्टीच्या आकारणीची. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी मिळकतींची फेरपाहणी होते. तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. वस्तीवरचा जनावरांचा गोठा राहते घर म्हणून मोजला आहे का, कडबा ठेवायचे छप्पर पक्के बांधकाम म्हणून लिहिले आहे का, पडलेली खोली अजून उभी दाखवली आहे का, हे त्या वेळी पाहावे. त्या मुदतीत गप्प बसलात तर चुकीच्या मापाची पट्टी पुढची फेरपाहणी होईपर्यंत भरत बसाल.

तिसरी, प्रभागरचनेची. २०२५ साली राज्यातल्या नगरपरिषदांची प्रभागरचना झाली, तेव्हाही आधी प्रारूप, मग हरकती, मग सुनावणी आणि शेवटी अंतिम रचना, असाच क्रम होता. एखादी वस्ती तोडून ओढ्यापलीकडच्या प्रभागाला जोडली, तर पुढची पाच वर्षे त्या वस्तीचा दिवा आणि रस्ता कोणी आपला मानत नाही. वस्तीवरच्या चार घरांनी मिळून एक अर्ज दिला तरी त्याची नोंद घ्यावी लागते.

ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या बंधूंनी ग्रामसभेची नोटीस तितक्याच काळजीने पाहावी. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव देशभर झाले, त्याचे मूळ ग्रामसभेत आहे. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, हे पाहून यंदा कोणती पिके घ्यायची याचा ताळेबंद तिथे सगळ्यांसमोर मांडला जातो. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हे त्या गावाने स्वतः ठरवले आणि पाळले. नेहमीचा, दरवर्षीचा विषय आणि त्याला नेहमीची हजेरी, एवढ्यावर गावाचे पाणी टिकले.

हरकत कशी लिहावी?

पुष्कळ जण विचारतात, “वकील लावावा लागेल का?” गुंतागुंतीचे प्रकरण असेल तर जाणत्याचा सल्ला जरूर घ्या. पण साधी हरकत सातवी शिकलेली सूनही लिहू शकते. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, रागाने लिहू नये. ‘आमच्यावर अन्याय झाला, अमक्याने मुद्दाम केले’ असे लिहिले तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जमीन कोणती, दाखवले काय, नुकसान काय आणि त्याऐवजी करावे काय, एवढे लिहावे.

दोन, नुसते ‘नको’ म्हणू नये. शहराला रस्ता लागणार, शाळेला मैदान लागणार, स्मशानभूमीही लागणार. ही जागा कोणाच्या तरी रानातूनच येणार. म्हणून पर्याय सुचवावा. शेजारी पडीक सरकारी जागा असेल, बांधाने रस्ता नेता येत असेल, विहीर आणि घर सोडून आरक्षण सरकवता येत असेल, तर ते नकाशावर दाखवावे. मामांच्या शेजारच्या बाईंचे काम यामुळेच झाले.

तीन, कागद जोडावेत. सातबारा, आठ अ, भूमी अभिलेख कार्यालयातला मोजणीचा नकाशा असल्यास त्याची प्रत, विहिरीचा आणि घराचा फोटो. सातबाऱ्यावर भावांची, बहिणींची, आईची नावे असतील तर सर्वांनी सह्या कराव्यात. घरातल्या बायकांची नावे सातबाऱ्यावर असतात, पण अर्जावर त्यांची सही घ्यायची आठवण कोणाला राहत नाही. ती घ्यावी. हरकत त्यांचीही आहे.

चार, पोच घ्यावी. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेऊन घरी आणावी. ती प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवावी. पोच नसली तर उद्या ‘अर्ज मिळालाच नाही’ असे उत्तर आले, तर तुम्ही काय दाखवणार?

एक साधा नमुना देतो. कात्रण काढून ठेवा.

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
…………… नगरपरिषद.

विषय : प्रारूप विकास आराखड्यास हरकत, सूचना आणि सुनावणीची मागणी.

महोदय,
आम्ही खाली सह्या करणार …………… येथील रहिवासी व गट नंबर ……………, क्षेत्र …………… या जमिनीचे मालक आहोत. दिनांक …………… च्या नोटिशीनुसार प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात सदर जमिनीवर …………… असे आरक्षण / रस्ता दाखवला आहे.

या जागेत आमची विहीर, राहते घर आणि बागायत पीक आहे. कुटुंबातील …………… माणसांची उपजीविका या जमिनीवर आहे. सबब आमची यास हरकत आहे.

आमची सूचना अशी की, सदर आरक्षण / रस्ता सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे …………… येथे घ्यावा.

आम्हास समक्ष सुनावणीची संधी द्यावी व तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

सोबत : सातबारा, आठ अ, नकाशा, छायाचित्रे.

तारीख, सर्वांच्या सह्या, पत्ता आणि फोन नंबर.

सुनावणीच्या दिवशी

विकास आराखड्याच्या हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते. तिच्यात नगरपरिषदेच्या सभासदांपैकी तिघे आणि बाहेरून नेमलेले जाणकार असतात. ज्यांनी हरकत किंवा सूचना दिली आहे, त्यांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी असे कायदा सांगतो. म्हणजेच ज्याने मुदतीत अर्ज दिला नाही, त्याला समितीपुढे बोलायला आधारच उरत नाही. गर्दी करून दाराबाहेर उभे राहिल्याने तो मिळत नाही. मामांना ही गोष्ट उशिरा कळली.

सुनावणीला तुमचा नंबर पन्नासावा-साठावा असू शकतो. सकाळी जनावरांचे आटोपून जा, भाकरी बांधून न्या, पण नंबर चुकवू नका. दोन वाक्यांत जमीन सांगा, दोन वाक्यांत अडचण सांगा, मग नकाशावर बोट ठेवून पर्याय दाखवा. अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला कौंटी म्हणतात. तिथल्या मंडळापुढेही जमिनीचा वापर बदलण्याआधी अशा जाहीर सुनावण्या होतात आणि बोलणाऱ्याला सहसा दोन-तीन मिनिटेच मिळतात. म्हणून तिथला शेतकरी मुद्दे कागदावर लिहून नेतो. आपणही न्यावेत. मोठ्या टेबलापुढे उभे राहिले की भल्याभल्यांची जीभ अडखळते. कागद हातात असला तर ती पुन्हा चालू लागते.

बोलून झाल्यावर तोंडी उत्तरावर विसंबू नका. “बघू, करू” हे उत्तर नव्हे. आणखी काही कागद द्यायचे असतील तर लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या. समितीचा अहवाल, त्यानंतरचा आराखडा आणि पुढे शासनाची मंजुरी, या प्रत्येक टप्प्यावर आपल्या गट नंबरापुढे काय लिहिले आहे ते जाऊन पाहा. शासनाने मंजुरीच्या वेळी आराखड्यात मोठा बदल सुचवला, तर त्या बदलावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. एकदा झाले म्हणून पाठ फिरवू नये.

मुदत निघून गेली तर?

हातपाय गाळून बसू नये. काही वाटा उरतात, पण त्या लांबच्या आहेत.

माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. त्याआधी राज्याचा कायदा झाला, त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी लढा दिला होता. १० रुपये फी भरून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. ठराव, इतिवृत्त, नकाशा, अहवाल यांच्या प्रती मागता येतात. शिवाय २०१८ च्या नोव्हेंबरात शासनाने आदेश काढला की, जिल्ह्यातली कार्यालये आणि स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना दप्तर पाहू द्यावे. जाताना त्याचा उल्लेख करावा.

नगरपरिषदेचा एखादा ठराव बेकायदेशीर असेल किंवा त्याने लोकांना इजा पोहोचत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना त्याची अंमलबजावणी थांबवता येते. ते १९६५ च्या कायद्याचे कलम ३०८. अर्ज करताना ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहावी.

आरक्षणाच्या बाबतीत नगररचना कायद्याचे कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही आणि घेण्यासाठी कायदेशीर पाऊलही उचलले नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही काही झाले नाही, तर ते आरक्षण संपुष्टात येते. २०१५ च्या दुरुस्तीने हा काळ २४ महिन्यांचा झाला.

मामांनी ही नोटीस २०२५ साली दिली. शेजारच्या बाईंनीच ती लिहून दिली. आता मामा दर पहिल्या तारखेला कॅलेंडरवर खूण करतात. मधेच पालिकेने जमीन घ्यायची ठरवली तर मोबदल्याचा नवा प्रश्न उभा राहील, हेही त्यांना माहीत आहे. एका पानाची हरकत द्यायला अर्धा दिवस लागला असता. तो वाचवला, म्हणून दहा वर्षे गेली आणि वर आणखी दोन वर्षांचा हिशेब आला. मामी एकदाच बोलल्या, पण खरे बोलल्या. “ऊस तर दरवर्षी तुटतो. त्या वर्षी एक दिवस उशिरा तुटला असता.”

घरात एकाला फळ्याचे काम द्या

बंधूंनो, भगिनींनो, शेतकऱ्याला वेळ नसतो हे मला कोणी सांगायला नको. पण आठवड्याच्या बाजाराला आपल्या घरातले कोणीतरी जातेच. त्या माणसाला आणखी एक काम सांगा. परत येताना नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यासमोर दोन मिनिटे थांबायचे आणि ‘हरकती’, ‘सूचना’, ‘मुदत’ यांपैकी एकही शब्द दिसला तर त्या कागदाचा फोनवर फोटो काढून आणायचा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला दिले तर अधिक बरे. तिला वाचायची सवय आहे आणि उद्या सभासद म्हणून कदाचित तीच तिथे बसेल.

रात्री जेवणे झाल्यावर तो फोटो सर्वांसमोर वाचा. तुमच्या रानाचा त्याच्याशी संबंध नसेल तर शेजाऱ्याचा असेल. त्याला बांधावर जाऊन सांगा. तो ऊसतोडीच्या गडबडीत असेल आणि “आता वेळ नाही” म्हणेल. तरी सांगा आणि मुदतीची तारीख त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या. त्या बाईंनी मामांना एकदाच सांगितले होते. दुसऱ्यांदा सांगायला हवे होते, अशी चुटपुट त्यांना आजही लागून आहे.

तुमच्या गावात अशी एखादी नोटीस लागली असेल आणि भाषा समजत नसेल, तर तिची प्रत आमच्या पत्त्यावर पाठवा. जमेल तितका साध्या शब्दांत अर्थ लावून देऊ. पण पाठवण्याआधी मुदतीची तारीख पाहा, कारण टपालालाही दिवस लागतात.